वर्गाची खोली मुलांकडूनच मांडून घ्यायची असेल तर काय काय करायचं

गेल्या तीन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "मॅडम, तुमचा वर्ग कुठल्या पेंटरने केला, किती घेतले?" खरं सांगायचं तर पेंटर आलाच नव्हता, भिंतीला आम्ही फारसा हातही लावलेला नाही, जे आहे ते तिसरी-चौथीच्या मुलांनी ठरवलं, मोजलं आणि बनवलंय. फोनवर दरवेळी अर्धवट सांगून होतं म्हणून एकदाच नीट लिहिते, ज्यांना करायचंय त्यांना थेट उपयोगी पडेल असं.

आधी आमची परिस्थिती सांगते म्हणजे तुलना करता येईल. भोर तालुक्यातली डोंगराकडेची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या. माझ्या खोलीत तिसरी-चौथी एकत्र, २३ मुलं. खोली २० बाय १६ फूट, म्हणजे ३२० चौरस फूट, एका मुलाच्या वाट्याला साधारण १४ चौरस फूट (हा हिशोब मुलांनीच केला आणि मग प्रत्येकाने खडूने आपापले १४ फूट आखून त्यात आडवं पडून बघितलं). बेंच नाहीत, बसकर पट्ट्या आहेत. पाऊस भरपूर, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. त्यामुळे पहिली सूचना हीच की हे काम दिवाळीच्या सुट्टीनंतर काढा, पुठ्ठा आणि कागद तेव्हाच टिकतो, पावसाळ्यात सगळं लिबलिबीत होतं. आम्हाला पाच आठवडे लागले, रोज शेवटचा एक तास आणि शनिवारची सकाळ.

बोलक्या भिंती, म्हणजे बघून शिकता येईल अशा रंगवलेल्या भिंती, आपल्याकडे नव्या नाहीत. 'बाला' (बिल्डिंग ॲज लर्निंग एड) म्हणजे शाळेची इमारतच शिकायचं साधन, ही कल्पना आर्किटेक्ट कबीर वाजपेयी आणि त्यांच्या विन्यास संस्थेने युनिसेफच्या मदतीने मांडली आणि देशभरच्या शाळांत पोचली. दार उघडतं तिथे जमिनीवर कोनमापक काढायचा म्हणजे दार ढकललं की ३० अंश, ६० अंश, काटकोन दिसतो, ही त्यातलीच युक्ती, आणि ती आजही मला भारी वाटते. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचं (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मूल स्वतः करून-बघून शिकतं या विचाराचं, काम बघायला राज्यभरातून शिक्षक जात होते. त्याच्याही कितीतरी आधी बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. म्हणजे जागेचा विचार करायची परंपरा आपल्याकडे घट्ट आहे. पण होतं काय, की यातलं चित्र तेवढं आपण उचलतो आणि विचार मागे राहतो. पेंटर येतो, भिंतीवर आगगाडी, पाढे आणि झाडाच्या पानांवर मुळाक्षरं काढून जातो, मुलं चार दिवस बघतात आणि नंतर त्यांना ते दिसतसुद्धा नाही, कारण त्यात त्यांचं काहीच नसतं. मुलांनी स्वतः ठरवलेली जागा मात्र ती वर्षभर वापरतात, दुरुस्त करतात, त्यासाठी भांडतात. मला एवढंच मनापासून सांगायचंय की ठरवायचं काम मुलांना द्या, नुसतं रंगवायचं नाही.

पहिला आठवडा, काहीच बनवायचं नाही

खोली पूर्ण रिकामी करा. खरंच पूर्ण. तक्ते, कपाट, खोकी, मागच्या गॅदरिंगचे मुकुट, सगळं व्हरांड्यात. आम्हाला यात दोन तास लागले आणि एवढं सामान कुणाला नको होतं हे बघून मीच चकित झाले. मग रिकाम्या खोलीत मुलांना मोकळं सोडा आणि बघत राहा कोण कुठे जातं. आमची बरीचशी मुलं कोपऱ्यांत गेली, मधली जागा ओसच राहिली. हे वहीत लिहून ठेवा, नंतर लागतं.

त्याच आठवड्यात ऊन आखायचं. खिडकीतून जमिनीवर पडणारा उन्हाचा तुकडा ११ वाजता, १ वाजता आणि ३ वाजता खडूने आखायचा, बाजूला वेळ लिहायची. यावरून कळतं कुणाच्या डोळ्यावर ऊन येतं, फळा कधी चमकतो, थंडीत बसायला ऊबदार जागा कुठली. आमच्याकडे चौथीतला एक मुलगा कायम दुपारी तिरका बसायचा आणि मी त्याला दोन वर्षं "सरळ बस रे" म्हणत होते. उन्हाची रेघ आखली तेव्हा दिसलं की १ वाजता ऊन बरोबर त्याच्या तोंडावर येतं. मला फार वाईट वाटलं. त्याला विचारलं "अरे सांगितलं का नाहीस," तर म्हणाला "बाई, ती माझीच जागा आहे ना."

आणि डोळ्यांची उंची मोजा. मुलांना नेहमीसारखं जमिनीवर बसवायचं, भिंतीला पाठ लावून, आणि डोळ्याच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने खूण करायची. आमच्या तिसरीच्या मुलांच्या खुणा जमिनीपासून पावणेदोन ते दोन फुटांवर आल्या. तक्ते कुठे होते, तर सहा-सात फुटांवर, म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर. ही एक गोष्ट बघितल्यावर मला पुढचं सगळं सुचत गेलं, त्यामुळे बाकी काही नाही जमलं तरी एवढं नक्की करा, अर्ध्या तासाचं काम आहे.

"तुम्हाला काय पाहिजे" असं विचारू नका

मी पहिल्यांदा हेच विचारलं होतं आणि उत्तरं आली टीव्ही, एसी, छोटा भीम, झोपाळा, हत्ती, रॉकेट, आणि एकाला वर्गातून नदी पाहिजे होती. पहिल्या वर्षी मी यातलं जमण्यासारखं ते निवडलं आणि पुठ्ठ्याचं रॉकेट भिंतीला लावलं. सुंदर दिसत होतं. आठ दिवसांनी कुणी त्याच्याकडे बघेना. माझी चूक अशी झाली की मी वस्तू उचलली, वस्तूमागची इच्छा विचारलीच नाही.

दुसऱ्या वर्षी वेगळं केलं. स्वप्नातला वर्ग प्रत्येकाने मोठ्या कागदावर काढायचा, काहीही चालेल, त्यावर हे होणार नाही ते होणार नाही असं कुणी म्हणायचं नाही, मीपण नाही. हा नियम माझ्यासाठीच जास्त अवघड होता. मग चित्र हातात घेऊन प्रत्येकाला एकच प्रश्न: "तिथे गेल्यावर तू काय करणार?" चौथीच्या मुलांना नाम आणि क्रियापद झालेलं असतं, त्यामुळे हा खेळ म्हणूनच घेता येतो, चित्रातलं नाम सांग आणि त्याचं क्रियापद कर. हत्तीवाला म्हणाला "वर बसून सगळ्यांना बघणार." रॉकेटवाली म्हणाली "उलटे आकडे म्हणणार आणि बटणं दाबणार." नदीवाल्याला मी तीनदा विचारलं, शेवटी म्हणाला "पाय सोडून बसणार." झालं! हत्ती आणता येत नाही पण उंच बसायची जागा करता येते. नदी आणता येत नाही पण पाय सोडून बसायला एक फूट उंचीचा ओटा करता येतो. आणि बघा, हत्तीवाला आणि नदीवाला, दोघांचं काम एकाच ओट्यात होतं, हे त्यांनाच कळलं आणि ते एका गटात आले.

एक मुलगी काहीच काढत नव्हती. तिसरीत होती, घरी माणसं खूप, दोन खोल्यांत नऊ जण. तिचा कागद दोन दिवस कोरा. मी म्हटलं राहू दे. तिसऱ्या दिवशी तिने कागदाच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढला, आत काहीच नाही. विचारलं "इथे तू काय करणार?" तर म्हणाली "इथे मला कोण काय विचारणार नाही." मी पुढे काही विचारलं नाही. ते क्रियापद फळ्यावर लिहिलं: गप्प बसायचं. आणि मग हळूहळू अजून सात जणांनी हात वर केले की आम्हालापण पाहिजे. वर्गातल्या जवळजवळ एक तृतीयांश मुलांना एकटं बसायला जागा हवी होती आणि मी इतकी वर्षं गटकार्य गटकार्य करत होते.

तर आठवड्याच्या शेवटी फळ्यावर क्रियापदांची यादी होते. आमची अशी होती: चढायचं, लपायचं, पसरायचं, चिकटवायचं, पाय सोडून बसायचं, मोठ्याने म्हणायचं, गप्प बसायचं, काहीतरी उगवायचं. गट मैत्रीवर पाडू नका, क्रियापदावर पाडा. ज्याला लपायचंय ते एकत्र, ज्याला उगवायचंय ते एकत्र. यात तिसरी-चौथी आपोआप मिसळते, मुलगे-मुली मिसळतात, आणि ज्यांचं एरवी पटत नाही ते पण कामाला लागतात कारण दोघांनाही तेच हवंय. एका गटात चार-पाचच्या वर नको. जो सगळ्यात जास्त बोलतो त्याच्या हातात मोजपट्टी द्या, तो मोजण्यात गुंततो आणि बाकीच्यांना बोलायला वाव मिळतो, हे दरवेळी चालतं.

मोजमाप, कागद, खोकं आणि मग फक्की

हा भाग मला सगळ्यात आवडतो, आणि बरेच जण हाच गाळतात. कल्पना झाली की लगेच कात्री आणि फेव्हिकॉल. तसं करू नका.

मुलांकडून खोली मोजून घ्या. सुतारी टेप असेल तर उत्तम, नसेल तर सुतळीला दर फुटावर गाठ मारून चालते. दार, खिडकी, फळा, बोर्ड (विजेचा), कपाट, सगळं. प्रत्येक माप दोन गटांनी वेगवेगळं घ्यायचं आणि जुळवायचं. आमच्याकडे एकाच भिंतीची मापं १६ आणि १७ फूट आली आणि त्यावर जो वाद झाला त्यात मोजपट्टी शून्यापासून धरायची असते हे मुलं जन्मभरासाठी शिकली.

मग आलेख कागदावर १ सेंटीमीटर म्हणजे १ फूट. २० बाय १६ ची खोली एका कागदात बसते. कपाट, सतरंजी, ओटा वगैरे त्याच मापाने रंगीत कागदाचे तुकडे कापायचे आणि सरकवून बघायचे, चिकटवायचे नाहीत. क्षेत्रफळ आणि परिमिती आपोआप होते, मी त्या आठवड्यात गणिताचा तास वेगळा घेतलाच नाही.

त्यानंतर खोकं. किराणा दुकानातून मोठं खोकं आणायचं, वरची बाजू कापायची, १ इंच म्हणजे १ फूट. आता यात एक गंमत आहे, चौथीतली मुलं साधारण सव्वाचार फुटांची असतात, म्हणजे खोक्यात त्यांची बाहुली सव्वाचार इंचाची. प्रत्येकाने स्वतःची बाहुली करायची, चिखलाची करा, कागदाची करा, पण उंची बरोबर पाहिजे. आणि एक बाई पण करायची, माझी सव्वापाच इंचाची होती, साडी जुन्या रिबिनीची. ती बाहुली खोक्यात फिरवताना मुलांना चटकन दिसतं की इथे बाई वाकून जातील, इथे दोघं एकदम मावणार नाहीत. मोठ्या माणसाला नकाशा वाचता येतो, मुलांना बाहुली लागते.

आणि शेवटी पटांगणात फक्की. कबड्डीचं ग्राउंड आखतो तसं फक्कीने खऱ्या मापाचा वर्ग मैदानावर आखायचा, २० बाय १६, दाराच्या जागी मोकळी फट. आत गटांनी ठरवलेल्या जागा आखायच्या आणि २३ च्या २३ मुलांनी त्यात अर्धा दिवस बसायचं. मराठीचा धडा तिथेच वाचायचा. भिंतीतून कुणी चालायचं नाही. आमच्याकडे हे केलं तेव्हा काय झालं, लपायच्या गटाने त्यांची गुहा दाराशेजारी आखली होती, कागदावर छान बसत होती, खोक्यात पण बसली. मैदानावर जेवणाची सुट्टी झाली, सगळे दारातून बाहेर निघाले आणि दोघं सरळ गुहेवर जाऊन पडले. गटातलीच एक पोरगी उभी राहिली आणि ओरडली, "ए थांबा थांबा, दार आतल्या बाजूला उघडतंय!" कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. तिने चप्पल दाराच्या बिजागरीच्या जागी ठेवली, सुतळी धरली आणि दार उघडताना जेवढी जागा खातं तेवढा पाव गोल फक्कीने काढला. गुहा पाच फूट सरकली, खिडकीखाली गेली. तो पाव गोल नंतर आम्ही खऱ्या वर्गात दारामागे रंगवला आणि त्यावर अंश लिहिले, बालामधला तोच कोनमापक, पण आमच्या मुलांना तो कुठून आला हे माहितेय.

ठरवायचं कसं

मतदान चिंचोक्यांनी. प्रत्येकाला तीन चिंचोके, प्रत्येक कल्पनेसमोर एक वाटी, हवे तसे टाका, तिन्ही एकात टाकले तरी चालेल. वाट्यांवर फडकं टाका म्हणजे कुणाची भरली हे दिसत नाही, नाहीतर सगळे त्याच वाटीकडे जातात. पण नुसतं ज्याला जास्त तो जिंकला असं करू नका, कारण मग ज्या गटाचं पडलं ती मुलं पुढे हातच लावत नाहीत. आम्ही असं ठरवलं की पहिल्या तीन कल्पना होणार, आणि उरलेल्या गटांनी त्या तिघांत आपलं काही बसतंय का ते बघायचं. "उगवायचं" वाला गट पडला होता, त्यांनी ओट्याच्या कडेने नारळाच्या करवंट्या टांगून त्यात मेथी आणि मोहरी लावली.

नकाराधिकार माझ्याकडे होता पण कशासाठी ते आधीच फळ्यावर लिहिलं होतं: दार अडणार नाही, विजेच्या बोर्डाजवळ कागद-कापड येणार नाही, डोक्याच्या उंचीवर खिळा नाही, पडेल असं उंच काही नाही, आणि मला प्रत्येक कोपऱ्यातलं मूल दिसलं पाहिजे. शेवटच्या नियमावर गुहेवाल्यांनी बरीच हुज्जत घातली. त्यातून पडदा जमिनीपासून एक फूट वर ठेवायचा असं निघालं, पाय दिसतात, तोंड दिसत नाही. दोन्ही बाजू खूश. नियम आधी सांगितलेला असला की मुलं त्यात वाट काढतात, नंतर सांगितला की तो अन्याय वाटतो.

सामान आणि पैसे

पैशाचं थोडक्यात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मी मांडला नाही, खोकं घेऊन चार मुलं गेली आणि त्यांनी सांगितलं. पालक तोवर नुसते बसले होते, बाहुल्या बघितल्यावर सगळे वाकून बघायला लागले, आणि एका मुलीचे वडील सुतारकाम करतात ते तिथेच म्हणाले की ओटा मी करून देतो, फळ्या तुम्ही जमवा. मुख्याध्यापकांची परवानगी आणि समितीच्या इतिवृत्तात नोंद मात्र जरूर घ्या, पुढे बदली झाली तरी काम अडत नाही.

बाकी सामान गावात असतंच. जुन्या साड्या, गोधड्या, बारदान, सुतळी, फ्रिज किंवा टीव्हीची खोकी, बांबू, करवंट्या, लग्नपत्रिका (चिकटवायला याच्याइतका जाड रंगीत कागद दुसरा नाही, आणि प्रत्येक घरात गठ्ठा असतो). भिंतीला आम्ही फक्त खालचा तीन फुटांचा पट्टा काळा करून घेतला, बसल्या बसल्या लिहायला, बाकी सगळं टांगलेलं किंवा ठेवलेलं. थर्मोकोल आणू नका, २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे आणि त्याचा भुगा मुलांच्या नाकातोंडात जातो. जुन्या टायरच्या कुंड्या छान दिसतात पण पाणी साठून डास होतात, आम्ही नाही केल्या. पुठ्ठा थेट जमिनीवर ठेवला की वाळवी लागते, खाली विटेचा तुकडा द्या. साडीचा पडदा खिळ्यांवर नको, दोन्ही बाजूंना बांबू उभे करून सुतळीवर टाका, ओढला तर सगळं अंगावर येत नाही.

बनवताना

दोन शनिवार पुरतात. मुलांची कामं मुलांनीच करायची, वाकडी झाली तर वाकडी राहू द्या. हे मी ठासून सांगते कारण आपला हात शिवशिवतो, पाहुणे येणार म्हणून आपण रात्री बसून सगळं सरळ करतो, आणि सकाळी मुलाला कळतं की आपलं चालणार नव्हतं. मी एकदा एका मुलाने लावलेल्या लग्नपत्रिकांची ओळ काढून नीट लावली होती. त्याने काही म्हटलं नाही, पण नंतर काहीच लावलंही नाही. कापायला धारदार काही लागलं तर ते मोठ्या माणसाने कापायचं, आखणी मुलांची. पालकांना बोलवा पण त्यांनाही आधीच सांगा की मुलं सांगतील तसं करायचं. आमच्या सुतारदादांना दोन मुलांनी ओट्याची उंची एक इंच कमी करायला लावली, कारण तिसरीतल्या सगळ्यात बुटक्या पोराचे पाय टेकत नव्हते. त्यांनी न कुरकुरता परत कापलं, आणि आता येता-जाता वर्गात डोकावून जातात.

ज्यांच्याकडे बेंच आहेत, ६० मुलं आहेत

शहरातल्या मैत्रिणी म्हणतात तुमचं ठीक आहे, आमच्या वर्गात पाय ठेवायला जागा नाही. खरं आहे. तिथे सगळा वर्ग हातात घेऊ नका. एक खिडकी, मागची भिंत किंवा दाराबाहेरचे चार फूट, एवढंच निवडा. क्रियापदांचा खेळ ६० जणांतही होतो. डोळ्यांची उंची बेंचवर बसून मोजा. बेंचच्या आतल्या बाजूला, जिथे मुलं तसंही कोरतात, तिथे प्रत्येकाला स्वतःचा हातभर कागद चिकटवू द्या. आणि खोली दोन सत्रांत दोन शाळांची असेल तर सगळं दोरीवरचं ठेवा, घडी करून पेटीत जाईल असं, दुसऱ्या सत्रातल्या मुलांना पण एक चिठ्ठी लिहा की आम्ही हे करतोय, तुम्हाला काय हवंय. एका मैत्रिणीच्या वर्गात दोन्ही सत्रांतली मुलं आता एकमेकांना न बघता एकाच दोरीवर चित्रं टांगतात.

झाल्यावर

पंधरा दिवस काही बदलायचं नाही, फक्त बघायचं. दारात एक वही टांगा, कुणाला काय खटकलं ते लिहायला. आमच्या वहीत पहिलं वाक्य होतं "गुहेत सारखी तीच तीच बसतात." मग पाळी ठरली, वाळूचं घड्याळ दोन बाटल्यांचं केलं, एकाने उलटं केलं की साधारण दहा मिनिटं. पण ज्याला त्या दिवशी खरंच गप्प बसायचंय त्याने नुसता हात छातीवर ठेवला की पाळी नसली तरी जागा द्यायची, हे मुलांनीच ठरवलं, मी नव्हतं सुचवलं. हा हात महिन्यातून चार-पाच वेळाच वर येतो, आणि आजवर कुणी तो खोटा केलेला मी बघितला नाही.

झाडलोट त्या त्या गटाकडे. उगवायच्या गटाची मेथी दोनदा वाळली, तिसऱ्यांदा त्यांनी पाणी घालायचं वेळापत्रक करवंटीवरच खडूने लिहिलं. मेथीची भाजी पोषण आहाराच्या काकूंनी एकदा डाळीत घातली, प्रत्येकाच्या ताटात एकेक पान आलं असेल, पण त्या दिवशी डाळ उरली नाही.

मे महिन्यात सुट्टी लागायच्या आधी सगळं उतरवा. साड्या धुवून, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून पेटीत. बांबू आडवे, जमिनीपासून वर. पुठ्ठा टाकून द्या, तो पुढच्या वर्षीचा नाही. उतरवताना जाणारी चौथीची मुलं हळवी होतात, मागच्या वर्षी दोघी जणी गुहेच्या साडीची घडी घालायलाच तयार नव्हत्या, तर त्यांना आपापल्या बाहुल्या घरी न्यायला दिल्या. तयार वर्ग पुढच्यांना देऊ नका. जूनमध्ये तिसरीत येणारी मुलं वेगळी असतात, त्यांची क्रियापदं वेगळी असतात. ओटा तेवढा राहतो, तो जड आहे. बाकी खोली रिकामी ठेवा, खिडकीत खडूचं खोकं ठेवा, आणि त्या मुलांच्या डोळ्यांच्या खुणा करायला भिंतीचा एक पट्टा पुसून तयार ठेवा.